ती तीट नव्हती

"हसू नका," मी म्हणाले.

"मी कुठे हसतोय?"

"डोळे हसतायत. ओळखपत्राच्या फोटोत चालत नाही."

"असं लिहिलंय कुठे?"

"मी सांगतेय ना!"

असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. पण आमचे मालक जयसिंगकाका जेवायला घरी गेले होते, स्टुडिओत मी एकटी होते, आणि स्टुलावर बसलेला हा उंच, सावळा, पावसात अर्धा भिजलेला माणूस कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून सरळ माझ्याकडे बघत होता. पहिला फोटो माझ्याच हातून हलला. दुसऱ्यात त्यानं डोळे मिटले. तिसऱ्या वेळी मी इतकी दरडावून "इकडे बघा" म्हणाले की तो शाळेतल्या पोरासारखा ताठ बसला. तो फोटो चांगला आला... जरा जास्तच चांगला.

१९९९ चा सप्टेंबर होता. आमचा स्टुडिओ कर्वेनगरात, तसा आडबाजूला, पण कामाला तोटा नव्हता. त्या वर्षी पुण्यात जो तो अमेरिकेला निघाला होता, आणि निघण्याआधी घरातले जुने कृष्णधवल फोटो मोठे करून भिंतीवर लावून जायची टूम निघाली होती. त्यातही लहान मुलांचे फोटो जास्त, आणि ते काम माझं. मी दीपमाला. आम्ही मूळचे वाशीमचे. वडिलांना कारखान्यात नोकरी लागली म्हणून पुण्याला आलो, आणि आता घर धायरीला. चार वर्षं मी पिवळे पडलेले, चिरलेले, बुरशी धरलेले बाळगाल स्वच्छ करत होते. फोटोवरचे पांढरे डाग बारीक ब्रशनं भरायचे, काळे डाग दाढीच्या ब्लेडच्या कोपऱ्यानं अलगद खरवडायचे, मग फोटो स्कॅन करून उरलेलं काँप्युटरवर करायचं. आधी हात, मग मशीन, हा काकांचा नियम. कारण आमचा काँप्युटर एकेका डागावर दोन-दोन मिनिटं विचार करत बसायचा.

तो रुमालानं केस पुसत माझ्या टेबलापाशी आला. काचेखाली सहा मुलं बसली होती.

"ही सगळी रागावलेली का आहेत?"

"तुम्हाला अंधाऱ्या खोलीत उंच स्टुलावर बसवलं असतं, आणि काळ्या कापडात डोकं घातलेला माणूस म्हणाला असता, बघ हं, चिमणी येणार... तर तुम्ही काय केलं असतंत?"

"चिमणी मागितली असती."

मला हसायचं नव्हतं, तरी हसले. त्यानं वाकून एका मुलाच्या कमरेपाशी बोट ठेवलं. "आणि हे काय?"

"आईचा हात. पोर पडू नये म्हणून बिचाऱ्या मागे लपून धरायच्या. मी तो काढून टाकते."

"का?"

"गिऱ्हाइकांना नको असतो."

"मला हवाय," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम बदलला. "माझ्याकडे एक फोटो आहे. दुपारी घेऊन येतो... नाही, घर विश्रांतवाडीला आहे. संध्याकाळी येतो. तुम्ही असाल ना?"

मी सहा वाजता घरी जाते. त्या दिवशी साडेसातपर्यंत होते.

तो आला तेव्हा नखशिखांत भिजलेला होता, पण फोटो कोरडा होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत वर्तमानपत्र, वर्तमानपत्रात जाडजूड पुस्तक, आणि पुस्तकात फोटो. दोन वर्षांची मुलगी, झालरीचा फ्रॉक, एक मोजा घसरलेला. गुडघ्यावर फोटोला घडी पडून चीर गेलेली, केसांवर बुरशी. कमरेपाशी आईचा हात. डाव्या गालावर काळा ठिपका.

"माझी बहीण, शर्मिला. माझ्या जन्माआधीच गेली, न्यूमोनियानं. तिचा हा एकच फोटो. निगेटिव्ह नाही, दुसरी प्रत नाही." तो थांबला. "बाबा तीन वर्षांपूर्वी गेले. आता रविवारी मी जाणार, दीड वर्षासाठी. आई घरात एकटी. तिला भिंतीवर लावायला हा मोठा करून द्यायचाय. फक्त... तिला सांगितलेलं नाही. ट्रंकेतून काढून आणलाय."

"म्हणजे चोरून."

"म्हणजे... हो. शनिवारी शर्मिलाचा वाढदिवस असतो. त्या दिवशी आई ट्रंक उघडते. त्याआधी फोटो जागेवर हवा."

तो मंगळवार होता. मी पावतीवर नाव आणि पत्ता लिहून घेतला. नाव अभय.

"अमेरिकेत काय करणार तुम्ही?" मी उगाचच विचारलं. त्यानं जाऊ नये म्हणून, दुसरं काय!

"जुन्या प्रोग्रॅममध्ये साल लिहिताना पहिले दोन आकडे गाळलेत. दोन हजार साल उजाडलं की सगळं कोलमडणार. ते आकडे परत घालायचे."

"एवढ्यासाठी विमानानं?"

"तुम्हीही जुनंच दुरुस्त करता की."

"मी काढते. तुम्ही घालता. फरक आहे."

"मोठं कठीण काम दिसतंय तुमचं," तो म्हणाला, आणि परत ते डोळे हसले. मी पावतीपुस्तकात नाक खुपसलं.

बुधवारी सकाळी पहिलं काम तेच घेतलं. बुरशीचे पांढरे ठिपके भरले, गुडघ्यावरची चीर बुजवली. आईचा हात ठेवला. मग ब्लेड घेतलं आणि गालावरची तीट काढली. शेकडो पोरांच्या गालावरची काढली होती तशीच. लोकांना हल्ली ती नको असते, गावंढळ वाटते. त्यामुळे कुणी न सांगताही काका म्हणायचे, आधी तीट काढ, मग बाकीचं बघ. दोन मिनिटांचं काम. गाल असा लख्ख झाला की मला माझंच कौतुक वाटलं. मग फोटो स्कॅन केला आणि वर पांढरा कागद झाकून ठेवून दिला.

संध्याकाळी तो आला, शेजारच्या अमृततुल्यातून दोन चहा घेऊन.

"दाखवा ना."

"पुरा झाल्याशिवाय दाखवत नाही."

"बरं. मग चहा तरी पुरा करा."

बाहेर परतीचा पाऊस पत्र्यावर वाजत होता. काका आत अंधाऱ्या खोलीत होते. मी विचारलं, "तुमचा लहानपणीचा फोटो नाही का?"

"आहे. असाच रागावलेला. पण तुमच्या या काचेखालच्यांसारखी तीट नाही हं मला."

"का?"

"आमच्या घरात कुणालाच कधी लावली नाही. आजोबा छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. त्यानंतर दृष्ट, अंगारे, उतारे सगळं बंद. बाबा तर फार कडक. शेजारच्या बायका आम्हा पोरांना हळूच तीट लावून जायच्या, आणि बाबा ओल्या रुमालानं पुसून टाकायचे."

मी कप खाली ठेवला.

"मग... शर्मिलाच्या गालावर..."

"ती जन्मखूण. पाहिलीत ना? आई म्हणते, झोपवताना ती त्या खुणेवरूनच बोट फिरवायची, त्याशिवाय पोरगी झोपायचीच नाही. मी तिला पाहिलेलं नाही, पण ती खूण मला पाठ आहे." त्यानं कागदाकडे हात नेला. "जरा बघू द्या ना..."

"नाही!"

मी इतक्या जोरात ओरडले की काका आतून "काय झालं गं?" म्हणाले. अभयनं दचकून हात मागे घेतला, मग हसला. "बरं बाई, नाही बघत. शुक्रवारी येतो." दारापर्यंत गेला आणि वळला. "दीपमाला... एक विचारायचं होतं. नको. फोटो मिळाला की विचारतो."

तो गेल्यावर मी कागद उचलला. लख्ख गाल. ब्लेडनं खरवडलेलं परत येत नाही. कागदावरचा थरच निघून जातो. आणि स्कॅन केला होता तोही खरवडल्यानंतर. मी काकांना सगळं सांगितलं.

"ठिपकाच ना?" ते म्हणाले. "तूच काढलास, तूच परत घाल. एवढं काय त्यात! तीस वर्षांनी कोणाला काय आठवतंय?"

काका वाईट नाहीत. पण त्यांनी पाठ फिरवली तेव्हा मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. कारण मला ती खूण आठवतच नव्हती. केवढी होती? गोल होती का? मी ती तीट म्हणून पाहिली होती, आणि तीट मला कुठलीही सारखीच. ज्या पोरीचा जगात एकच फोटो, तिच्या गालाकडे मी धड बघितलंही नव्हतं.

गुरुवारी दिवसभर काँप्युटरवर खुणा काढल्या आणि पुसल्या. सात काढल्या. सहा तिटेसारख्या दिसल्या. सातवी बरी वाटली, तीच ठेवून मोठी प्रत छापून आणली. रात्री घरी जेवण गेलं नाही. आई म्हणाली, कसला विचार करतेस? मी म्हणाले, कसलाच नाही.

शुक्रवारी तो आला. मोठा फोटो मी टेबलावर उभा केला होता. तो समोर वाकला. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "तीच. अगदी तीच." त्याचे डोळे भरले होते. रुमाल शोधला, सापडला नाही, बाहीनंच पुसले.

"आता विचारू?" तो म्हणाला. "मला माहीत आहे, चारच दिवस झालेत. पण मी परवा जाणार, आणि..."

"थांबा," मी म्हणाले. "आधी ऐका."

आणि मी सांगितलं. चार वाक्यांत. पाचवं सुचलंच नाही. मूळ फोटो दिव्याखाली तिरपा धरून दाखवला. गालावर खरवडल्याचा खडबडीतपणा स्पष्ट दिसत होता.

"तू खरवडलंस?"

तोवर मी 'तुम्ही' होते. पहिल्यांदा 'तू' म्हणाला तो असा.

"तीट समजून," मी म्हणाले.

"आमच्या घरातल्या मुलीची... तीट समजून." त्यानं मोठ्या फोटोकडे पाहिलं. "आणि ही? ही तू मनानं काढलीस? आणि मी मूर्खासारखा..." तो थांबला. "बुधवारीच का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली."

"कशाची?"

तुम्ही परत येणार नाही याची. हे ओठावर आलं होतं, पण त्या क्षणी ते बोलायला तोंड कुठे होतं मला? त्यानं मूळ फोटो पुस्तकात ठेवला, पुस्तक शर्टाच्या आत घातलं आणि निघून गेला. मोठी प्रत टेबलावरच राहिली.

शनिवारी सकाळी मी काकांकडे सुट्टी मागितली. पिशवीत ब्रश, रंगाची डबी आणि पाण्याची छोटी बाटली घेतली, पावतीवरचा पत्ता घेतला, आणि दोन बस बदलून विश्रांतवाडीला गेले. वाटेत काय काय बोलायचं ते घोकलं. जिना चढेपर्यंत सगळं विसरले.

दार अभयनं उघडलं. हातात तेच पुस्तक. रात्रभर झोपला नसावा.

"ट्रंक उघडली आईंनी?" मी हळूच विचारलं.

"अजून नाही. अंघोळ करून आलीय, आता उघडेल. मी सांगायचा प्रयत्न करतोय, पण..."

"मी सांगते. तुम्ही मधे बोलू नका."

आत त्याच्या आई, नंदाताई, पलंगावर बसल्या होत्या. महापालिकेच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या असं अभयनं सांगितलं होतं. चेहराही तसाच, समोरच्याला काय झालंय ते आधीच कळलेला. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, शेजारी अभयच्या बाबांची. तिच्या पलीकडे एक खिळा मोकळा होता.

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. अभयनं फोटो नेला तो तुमच्यासाठी, हे आधी सांगितलं. मग ब्लेडचं. मग काँप्युटरवरच्या खोट्या खुणेचंही.

त्यांनी हात पुढे केला. अभयनं पुस्तकातून फोटो काढून दिला. त्या खिडकीशी गेल्या, चष्मा वर केला आणि फोटो अगदी डोळ्यांजवळ धरला. मग गालावरून अंगठा फिरवला. तो खडबडीत जागेवर थांबला.

"विचारायचं होतंस," त्या म्हणाल्या.

"हो."

"एका शब्दानं विचारायचं होतंस गं." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मला बसायला धीर होईना. "ही गेली ना, तेव्हा शेजारच्या बायका म्हणाल्या, तीट लावली असती तर दृष्ट लागली नसती. मी नर्स. न्यूमोनिया म्हणजे काय ते मला कळत नव्हतं? पण चाळीस दिवस तेच ऐकलं. तीट लावली असती तर. अभयचे बाबा एकदाही डगमगले नाहीत. मी डगमगले. मनात म्हटलं, लावली असती तर..." त्यांनी फोटोकडे पाहिलं. "आणि तुला ती तीटच दिसली."

मला रडू फुटलं. आवरायचा खूप प्रयत्न केला, पण फुटलंच. अभय दारात उभा होता. तो पुढे आला नाही.

बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "पिशवीत काय आणलंयस?"

"ब्रश... रंग. पण तुम्ही म्हणालात तरच."

"डोळे पूस आधी. रडत्या डोळ्यांनी बारीक काम होत नाही. बस."

मी खिडकीखाली चटईवर बसले. फोटो पाटावर ठेवला. ब्रशच्या टोकाला केसाएवढा रंग घेतला. चार वर्षांत पहिल्यांदा मी कुणाला विचारून काम करत होते.

"इथे?"

"खाली."

"इथे?"

"थोडं कानाकडे. हां... नाही, एवढं नको."

"गोल होती का?"

"गोल नव्हे. खालून निमुळती. तांदळाचा दाणा आडवा ठेवला तर कसा दिसेल, तेवढी." त्यांनी डोळे मिटले होते. त्यांचं बोट हवेत हलत होतं, आणि मी फोटोकडे बघायचं सोडून त्या बोटाकडे बघत होते. "आणि एवढी काळी नको. फोटोत काळी आली होती, ती मला कधीच पटली नाही. खरी विटकरी होती. फिकट. ताप आला की गडद व्हायची."

मी रंगात पाण्याचा थेंब घातला. मग आणखी एक. काळ्याची करडी छटा झाली, करड्याची धूसर. एकेक बारीक टिंब देत गेले. खाली रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न वाजत होते, तेही लांबचे वाटत होते. चुकलं असतं तर पुन्हा खरवडायला कागदच उरला नव्हता.

"थांब," त्या म्हणाल्या.

मी ब्रश उचलला. त्या वाकल्या. रंग ओला होता म्हणून बोट कागदाला लागू न देता वरच्यावर, अगदी हळू, गोल गोल फिरवलं. एकदा, दोनदा, तीनदा.

"आली," त्या म्हणाल्या. "आली गं माझी बाई."

दारापाशी अभयनं भिंतीकडे तोंड केलं.

मग त्यांनी मला पाणी दिलं, खीर दिली. शर्मिलाच्या वाढदिवसाला दर वर्षी करतात म्हणे. आणि मी निघाले तेव्हा म्हणाल्या, "अभय, हिला बसस्टॉपपर्यंत सोड. आणि वाटेत तरी बोल. मघापासून दार धरून उभा आहेस, ते काय पडतंय?"

बाहेर रिमझिम होती. स्टॉपवर आम्ही दोघंच. बराच वेळ तो चपलेनं ओली माती उकरत राहिला.

"काल तू सांगितलं नसतंस," तो शेवटी म्हणाला, "तर मला कधीच कळलं नसतं. मी तर 'अगदी तीच' म्हणून मोकळा झालो होतो."

"म्हणूनच सांगितलं."

"म्हणजे?"

"तुम्ही इतक्या विश्वासानं म्हणालात... आणि पुढे काहीतरी विचारणार होतात. तुम्ही विचारलं असतंत, मी हो म्हणाले असते, आणि ते खोटं कायम त्या 'हो'च्या खाली राहिलं असतं. मला नसतं चाललं."

तो वळला. "हो म्हणणार होतीस?"

"मी असं कुठे म्हटलं?"

"आत्ता! याच तोंडानं!"

"तुम्ही अजून काही विचारलेलंच नाही."

"विचारतो." पण लगेच विचारलं नाही. चेहऱ्यावर ओघळणारं पाणी पुसलं. "मी उद्या जाणार. दीड वर्ष. तुझं घर, माझं घर... तुला माहीत आहे, सोपं नाही ते."

"माहीत आहे. माझे वडील दोन महिने माझ्याशी बोलणार नाहीत."

"फक्त दोन?"

"सहा म्हणूया. मी पण त्यांचीच मुलगी आहे, सातव्या महिन्यात बोलायला लावीन."

तो हसला. नुसत्या डोळ्यांनी नाही, सगळाच हसला. आणि मग अगदी हळू म्हणाला, "थांबशील, दीपमाला?"

"थांबेन," मी म्हणाले. "आणि रिकामी नाही थांबणार. दर रविवारी आईंकडे येईन. ती मोठी प्रत फाडून टाकायची आहे. आता त्या सांगतील तशी नवीन करायची."

"रविवारी मी फोन करतो."

"मग तर येईनच... तू फोन करणार म्हटल्यावर."

'तू' माझ्या तोंडून कधी निघालं ते मलाच कळलं नाही. त्याला कळलं. त्यानं माझा हात हातात घेतला. बोटांना करडा रंग लागला होता, तो त्याच्या तळव्याला लागला.

तेवढ्यात बस आली. चाकाखालचं पाणी उडालं, आम्ही मागे सरलो, पण हात सुटले नाहीत. कंडक्टरनं दारातून मान बाहेर काढली.

"ताई, चढताय का मुहूर्त बघताय?"

"नाही!" आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

त्यानं घंटी मारली. बस गेली. पुढची पाऊण तासानं होती.